कागदात नसलेली दवंडी

मी कोतवाल.
कागदात असते तेवढंच बोलतो.
गुरांच्या लसीचं, राशनच्या तारखेचं,
कालव्याले पानी सुटनार, धुनं घेऊन जाऊ नका,
अठ्ठावीस वर्षं सांगतलं या डफड्यावर.
एकदा तं हरवलेल्या बोकडाचंही सांगतलं.
बोकड भेटला नाई,
पन पावती फाडली होती ग्रामपंचायतीनं.

एस्टी स्टँडच्या मांगं सुगतचं पंक्चरचं दुकान.
सुगत म्हंजे माझ्या बहिनीचा, लीलावतीचा.
हवेचा पंप, दोन जुने टायर
अन् पान्याचं एक घमेलं.
रात्री फेरीवर निघालो का त्या घमेल्यात पाहो.
पानी नितळ.
आठ-आठ दिवस नितळ.
ट्यूब बुडवली असती तं गढूळ झालं असतं ना बावा.
अन् गाड्या तं रोज उभ्या,
पोट्टे पंधरा-सोळाचे, टायर धडधाकट,
हातातून हातात
कनीएवढं काईतरी कागदात,
तीनशे रुपये.
मी डोक्यावरचा रुमाल नीट केला, पुढं गेलो.
माझ्यापाशी कागद नव्हता.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी
डाखोऱ्याचा निकेश जिनिंगच्या भिंतीआड सापडला.
एक चप्पल पायात. ओठ जांभळे.
त्याच्या लहान्या भावाचा लाकडी नंदी
बेगड लावून दारात उभा होता,
संध्याकाळपर्यंत कोनी आत घेतला नाई.

बायांनी कोनाले इचारलं नाई.
पीटीच्या मास्तरकडून शिट्ट्या आनल्या.
पयल्या रात्री तिघी, मंग अकरा,
बॅटऱ्या, खराटे,
एकीच्या खांद्यावर झोपलेलं लेकरू.
ठानेदार म्हने, कायदा हातात घेऊ नका.
सुमित्रा ठमके म्हने,
साहेब, तुमच्या हातात दिसला असता
तं आमी कायले घेतला असता?

ग्रामसभेत नावं इचारली.
पंखा कटकट करून रायला.
सारा गाव माझ्याकडं पाहून रायला,
रातभर तूच फिरतं, सांग.
ज्या तोंडानं बोकडाचं सांगतलं
त्या तोंडात माती भरल्यासारखं झालं.

लीलावती उठली.
गळ्यात शिट्टी. त्या रात्री तिचीच पाळी होती.
"माझ्या घरापासून धरा," म्हने.
"त्याच्या घमेल्यातलं पानी पाहा."
मंग घरी जातानी, वाटेवर,
दुसऱ्या कोनाले आयकू न जाईल असं,
"दादा, तू रोज पाहेस ना?"

सुगतले नेलं.
दोन पोट्टे नागपूरच्या दवाखान्यात हायेत,
तिसऱ्याची माय बाहेरून कडी लावून
उंबऱ्यावर झोपते.
सरपंचानं बायांना शाली देल्ल्या, फोटो काढला,
गाव म्हने मिटलं.

बेस्तरवारी बाजाराच्या दिवशी
पांढरी गाडी आली तं आलीच.
काच अर्धी खाली, अंगठीवाला हात बाहेर.
आता पानठेल्यापाशी थांबते,
शाली देनाऱ्याच्या साळ्याचा ठेला.
त्याचं नाव सभेत निघालं नव्हतं.
अन् सुगतले तरी कोनी इचारलं,
तू आनतं कुठून?

काल रात्री लीलावतीकडं गेलो होतो.
ते घमेलं तिनं अंगनात आनून ठेवलं,
कोंबड्या पानी पेतात त्यात.
ती बोलली नाई. मी बी नाई.
घरी येऊन डफडं चुलीपाशी धरलं,
कातडं तापेपर्यंत,
बोटानं वाजवून पाहेपर्यंत.

सकाळचे सात. चौक.
दूधवाला, शाळेचे पोट्टे, ठेल्याचं शटर अर्धं वर.
खिशात कागद नाई.
तळहातावर पेनानं लिहिलेले गाडीचे चार आकडे,
अन् हाताले घाम सुटून रायला,
पुसल्या जायच्या आंधी वाचले पायजे.

ऐका हो ऐका